चहाचं वाक्य

महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या पुस्तकांच्या दुकानातून एक पान निघायचं. एकच, पाठपोट. पुढच्या बाजूला दुकानाच्या बातम्या: छताची गळती एकदाची थांबली, मुलांच्या कोपऱ्यातली सतरंजी बदलली, मांजरीला पिल्लं झाली असून ती प्रवासवर्णनांच्या खालच्या खणात आहेत, तरी तिकडची पुस्तकं काही दिवस मागू नयेत. मागच्या बाजूला शिफारशी. पानाचं नाव 'पानभर'. गल्लीतल्या दारादारांत ते पडायचं आणि लोक ते वर्तमानपत्राच्या आधी वाचायचे, कारण वर्तमानपत्रात ओळखीचं कोणी नसतं.

शिफारशींची रीत जगावेगळी होती. प्रत्येक पुस्तकाखाली आधी काकांचा परिच्छेद असायचा आणि त्याखाली तिरक्या अक्षरात ताईंच्या दोन ओळी. पुस्तक कसं सुरू होतं ते काका सांगायचे. ते संपल्यावर तुमचं काय होईल ते ताई सांगायच्या. शेवट काय आहे याचा ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. पण 'शेवटची वीस पानं घरात कोणी नसताना वाचा' किंवा 'नुकतंच भांडण झालं असेल तर आत्ता घेऊ नका, समेट झाल्यावर घ्या' असं काहीतरी लिहायच्या, आणि ते कधी म्हणजे कधी चुकायचं नाही.

याचं कारण साधं होतं. काका कुठलंही पुस्तक निम्मंच वाचायचे. पहिलं निम्मं. उरलेलं निम्मं त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. समोरच्या औषधवाल्याला गोळ्या मोजताना असले उद्योग सुचतात. त्यानं दोघांची नावं पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी ठेवून दिली होती. गल्लीनं ती लगेच उचलली. 'पूर्वार्ध आहेत का दुकानात?' असं लोक खुशाल तोंडावर विचारायचे, आणि काका 'आहेत, आत या' म्हणायचे.

दोघं एका बाइंडरची मुलं. बाप छापखान्यातून छापलेले सुटे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे न शिवलेले ताव, घरी आणायचा आणि घरीच दुमडून, शिवून, पुठ्ठा चढवून दुसऱ्या दिवशी पुस्तकं परत करायचा. त्यामुळे घरात विकत घेतलेलं पुस्तक औषधालाही नव्हतं, पण न शिवलेल्या पुस्तकांचे ढीगच्या ढीग होते. बापानं पुठ्ठे चिकटवायची खळ शिजत ठेवली की ती गार होईपर्यंत वाचून होईल तेवढं आपलं. एकानं संपवून दुसऱ्याला द्यायला सवड कुठली? म्हणून पुस्तक मधोमध वाटून घ्यायचं. धाकट्याला पुढचे फर्मे, कारण सुरुवात नसली तर त्याला काही उमगायचं नाही. थोरलीला मागचे, कारण शेवट कळेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. मग अंथरुणावर पडल्यावर आधी त्यानं सांगायचं, मग तिनं.

पुढे मोठी झाली, दुकान काढलं, चारही भिंती पुस्तकांनी भरल्या. आता पूर्ण पुस्तक वाचायला कोणाची बंदी नव्हती. पण सवय ती सवय. मध्यावर आले की काका खूण घालून पुस्तक ताईंच्या स्टुलावर ठेवायचे आणि दोन दिवसांनी 'हं, बोल' म्हणून समोर बसायचे. शेवट हा ताईच्या तोंडून ऐकायचा असतो, आपला आपण वाचायचा नसतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. पुस्तकांच्या दुकानदारानं असं मत बाळगावं म्हणजे हलवायानं गोड न खाण्यासारखं. पण ते कोणी बोलून दाखवत नसे. काकांनी लग्न केलं नाही. ताईंचं झालं, एक मुलगी झाली, नवरा लवकर गेला, मुलगी शिकून समुद्रापलीकडे नोकरीला गेली. बहीणभाऊ दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला लागले आणि बरीच वर्षं बरं चाललं.

मग मुलीला मूल झालं आणि ताई तीन महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेल्या. त्याला आता तिसरा हिवाळा लागला होता.

रविवारी दुपारी फोन यायचा. 'बाळीचे दात आले की येते.' दात आले. 'चालायला लागली की येते.' ती चालायला लागली, धावायला लागली, फोन हिसकावून काकांशी स्वतःच्या भाषेत भांडायलाही लागली. 'थंडी संपली की येते, छोट्या.' साठी उलटलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते तिकडे बसलं होतं. काका 'बरं' म्हणायचे. कोणत्या वर्षाची थंडी, हे विचारायचे नाहीत. शेवट उघडून बघायची सवयच नव्हती ना.

पहिलं वर्षभर ते पुस्तकं तिकडे पाठवत राहिले आणि ताई दोन ओळी फोनवर सांगत राहिल्या. पण हळूहळू त्या ओळी 'छान आहे, द्या कोणालाही' अशा यायला लागल्या, आणि उत्तरार्ध न वाचता सांगितलेला उत्तरार्ध काकांना ओळखू येत नसेल तर कोणाला येणार? त्यांनी पुस्तकं पाठवणं थांबवलं. 'पानभर' मात्र थांबलं नाही. प्रत्येक शिफारशीखाली दोन ओळींची जागा ते कोरी सोडायचे. औषधवाला म्हणायचा, "काका, जागा बरी सोडता हो. आमची ही त्यात भाजीची यादी करते." काकाही हसायचे. हसता हसता त्यांच्या छातीत काहीतरी खाली बसायचं, ते औषधवाल्याकडच्या कुठल्याच बाटलीनं वर येणारं नव्हतं.

त्यांना हवं होतं तरी काय? दुकान वाढायला नको होतं, नाव व्हायला नको होतं. फक्त ताईनं परत यावं, चष्मा कपाळावर चढवून स्टुलावर बसावं आणि 'हे काय भलतंच दिलंस रे वाचायला' म्हणून डाफरावं. इतकंच. स्टुलावर काका कोणाला बसू देत नसत. गिऱ्हाईक टेकायला गेलं की 'त्याचा पाय डुगडुगतो' म्हणायचे. पाय चांगला ठणठणीत होता.

अशात एक दिवस नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून नावाड्याची गोष्ट निघाली.

ही लहानपणी वाचलेली कादंबरी कित्येक वर्षं कुठेच मिळत नव्हती आणि आता कोणीतरी नव्यानं छापली होती. काका ती हातात घेऊन तिथेच, फोडलेल्या खोक्याशेजारी, जमिनीवर बसले. नदीला पूर आलेला आहे. गावात कोणाचं तरी मूल तापानं फणफणलंय आणि डॉक्टर पैलतीरावर. नावाडी नाव सोडतो. त्याची दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, हातात कंदील घेऊन काठावर उभी राहतात. इथे पूर्वार्ध संपतो. पुढचं काकांना तोंडपाठ होतं, कारण ताईनं ते इतकं सुरेख सांगितलं होतं की आयुष्यभर पुरलं. उजाडता उजाडता नावाडी परत येतो. नाव नाही, नुसता चालत, खालच्या पुलावरून फेर घालून, चिखलानं माखलेला. मुलांशी अवाक्षर बोलत नाही. घरात येतो, ओल्या अंगानं चुलीपाशी बसतो, चहा मागतो, एक घोट घेतो आणि म्हणतो, 'साखर कमी आहे.' संपली गोष्ट.

त्या वाक्यावर काका फिदा होते. मरणाच्या दारातून आलेला माणूस आधी काय बोलेल? साखर कमी आहे! याला म्हणतात लेखक, असं ते इतक्या वर्षांत किती जणांना म्हणाले असतील. आणि या महिन्याच्या पुस्तकांपैकी या एकाचा शेवट त्यांना ठाऊक होता. ताईला विचारायची गरजच नव्हती. त्या महिन्याच्या 'पानभर'मध्ये एका शिफारशीखालची कोरी जागा पहिल्यांदा भरली गेली. काकांनी जमेल तेवढं तिरकं अक्षर काढून लिहिलं: 'शेवट गोड. डोळे मिटून वाचा. शेवटच्या पानावरच्या चहाच्या वाक्यासाठी तरी हे पुस्तक घरात हवंच.'

"डोळे मिटून वाचायचं कसं?" औषधवाला म्हणाला, पण पुस्तक घेऊन गेला.

भूगोलाच्या निवृत्त बाई घेऊन गेल्या. कोपऱ्यावरची शिवणवाली आली; गळ्यात टेप, चेहरा ओढलेला. तिच्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो दवाखान्यात पडून होता. "काहीतरी द्या हो काका, यांना वाचून दाखवायला. नुसते छताकडे बघत पडतात. पण रडकं नको हं."

"हे घे," काका म्हणाले. "माझी जबाबदारी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सगळ्यात आधी औषधवाला रस्ता ओलांडून आला. "काका, चहा कुठाय?"

"आत ये, टाकतो की."

"तो नाही हो. पुस्तकातला. शेवटच्या पानावर नुसता चिखल आणि पाणी."

काकांना वाटलं, हा पानं गाळून वाचतो. औषधांच्या चिठ्ठ्या वाचायची सवय, दुसरं काय. पण दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाई आल्या. त्या काही गाळून वाचणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुस्तकातली नदी कोणत्या दिशेला वाहते इथपासून त्यांना तक्रार असायची. "नावाडी परत येत नाही," त्या म्हणाल्या. "मी दोनदा वाचलं. चहा तर सोडाच, त्या घरात चूलही पेटत नाही."

आता मात्र काकांचं पित्त खवळलं. पानं वाचवायला प्रकाशकानं शेवटच कापला! त्यांनी फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला सुनवायला सुरुवात केली. वाक्यं कापणारे उद्या लेखकाचे हात कापतील, इथपर्यंत पोचले. ती मुलगी शांतपणे सगळं ऐकून म्हणाली, "काका, आम्ही जुन्या आवृत्तीवरून जसंच्या तसं छापलंय. तुम्हाला कुठली प्रत आठवतेय?"

प्रत कुठली आठवणार? काकांना फक्त ताईचा आवाज आठवत होता. "बघतो मी," असं पुटपुटून त्यांनी फोन ठेवला.

भूगोलाच्या बाई हे सारं ऐकत उभ्या होत्या. "माझ्या वडिलांची जुनी प्रत घरी असेल माळ्यावर," त्या म्हणाल्या. "शोधते."

त्याच संध्याकाळी शिवणवाली आली. काउंटरवर पुस्तक ठेवलं, आपटलं नाही, आणि तेच वाईट होतं.

"तुम्ही वाचलंय का हो हे?"

काकांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं.

"मी रोज थोडं थोडं वाचून दाखवत होते. शेजारच्या खाटेवरचे आजोबा ऐकायचे, पलीकडची बाई ऐकायची, नर्सबाई दारात थांबायची. शेवटी सगळा वॉर्डच ऐकायला लागला. आज शेवटचं पान. मी तुमच्या भरवशावर वाचत सुटले आणि पुढची ओळ दिसली तसा माझा आवाजच बसला. म्हटलं, दमले, उद्या वाचते. हे म्हणाले, अगं पण तो येतो ना परत? मी म्हटलं, उद्या." तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडायला आलेली नव्हती. "आता उद्या काय वाचू, तेवढं सांगा."

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग जे येत होतं तेच ते सांगत सुटले. तो खालचा पूल, चिखल, ओल्या अंगानं चुलीपाशी बसणं, तो घोट. सांगताना आवाज आपोआप हळू झाला, अंथरुणावर पडून सांगतात तसा. 'साखर कमी आहे' म्हटल्यावर शिवणवाली हसली. हसताना रडली.

"हे कुठंय?"

"पुस्तकात नाही, असं दिसतंय."

"नसू दे," ती म्हणाली. "मी पान समोर धरून हेच सांगते. त्यांना कुठे दिसतंय आत काय लिहिलंय ते!" आणि पुस्तक काखेत मारून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती जाता जाता दारातूनच ओरडून गेली. नवऱ्यानं गोष्ट ऐकली, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाला, "इथल्या चहातसुद्धा साखर कमीच असते." अख्खा वॉर्ड हसला. नर्सबाईनं दुसरा कप आणून दिला. काकांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच कुठेतरी वाईट वाटलं.

कारण तोवर भूगोलाच्या बाई जुनी प्रत ठेवून गेल्या होत्या. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. काकांनी ती उघडायच्या आधी नुसती हातात तोलली आणि पाठीवरून अंगठा फिरवला. विरलेल्या कापडाखालची ती शिवण त्यांना कुठेही ओळखू आली असती. बाप शेवटची गाठ नेहमी डावीकडे मारायचा. म्हणजे ही त्याच ढिगातली प्रत. त्यांच्याच घरातून बाहेर पडलेली.

मग काकांनी जन्मात पहिल्यांदा एका पुस्तकाचं शेवटचं पान स्वतः उघडलं.

नाव सापडते, दोन गावं खाली, उलटी झालेली. नावाडी सापडत नाही. मुलगी भावाला म्हणते, कंदील विझव आता, उजाडलं. मुलगा विझवत नाही. खाली रेघ, आणि समाप्त.

मांजर पायाशी येऊन घोटाळली तरी त्यांना पत्ता नव्हता. आता एकेक गोष्ट जागेवर येऊन बसत होती आणि ती येऊ नये असं त्यांना वाटत होतं. त्या दिवसांत आई दवाखान्यात होती. घरात चहा ताई करायची. स्वतः एवढीशी, चुलीपुढे उभी राहून, आणि साखरेच्या डब्यात आईसारखा हात चालेना म्हणून भीत भीत चिमूटभर घालायची. बाप रोज एक घोट घेऊन म्हणायचा, 'साखर कमी आहे.' ते वाक्य कुठल्या लेखकाचं नव्हतं. ते त्यांच्या स्वयंपाकघरातलं होतं. मागचे फर्मे वाचून ती मुलगी शेजारी आडवी झाली असेल. धाकट्या भावानं विचारलं असेल, तो येतो ना परत? आणि तिनं खालच्या पुलावरून त्याला चालत आणलं.

आई आली नाही. ते काकांना नीट आठवत होतं. पण नावाडी आला होता, त्याच्या आधारावर त्या पोरानं कितीतरी दिवस काढले होते.

दुपारी दुकान बंद ठेवून ते फडताळांपुढे फिरले आणि लहानपणची जी पुस्तकं नव्यानं छापलेली हाती लागली त्यांची शेवटची पानं उघडत गेले. हरवलेला कुत्रा सापडत नाही. ताईच्या गोष्टीत तो धापा टाकत आला होता, आणि एक कान फाटलेला होता. सर्कशीतली मुलगी झुल्यावरून पडते. ताईच्या गोष्टीत तिचा फक्त पाय मुरगळला होता. दोन भाऊ समेट न करताच मरतात. ताईच्या गोष्टीत ते एका लग्नात समोरासमोर आले आणि वाढप्यानं दोघांना चुकून एकच ताट दिलं. काकांना हसू आलं. ताई, किती कष्ट घेतलेस गं.

आणि मग, कोणी न सांगता, पुढचा विचार आला. दात आले की येते. चालायला लागली की येते. थंडी संपली की येते.

आता 'पानभर' काढायची वेळ झाली होती. बातम्या झाल्या, मांजरीची पिल्लं कोणाकोणाला दिली ते झालं, आणि मग 'दुरुस्ती' एवढा शब्द लिहून काकांचं घोडं अडलं. काय लिहायचं? मागच्या अंकात सांगितलेला शेवट पुस्तकात नाही, तो माझ्या बहिणीनं रचला होता? रविवार नव्हता, तरी त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"काय रे? बरा आहेस ना?" ताईंचा आवाज घाबरलेला.

"ताई, ते चहाचं वाक्य कुठून आणलंस?"

पलीकडे नात चमचा ताटलीवर बडवत होती. मग ताई हसायला लागल्या, पहिल्यांदा दबक्या आवाजात आणि मग चांगल्या खळखळून. "कळलं होय तुला? अरे, म्हातारा झालास की तू तेवढ्यात!"

"कुत्राही सापडत नाही."

"नाहीच सापडत. तू रडून घर डोक्यावर घेतलं असतंस."

"आणि मोठे झाल्यावर? दुकानात?"

"दुकानात कधी नाही हं," ताई एकदम ताठ झाल्या, ते काकांना फोनमधूनही दिसलं. "गिऱ्हाइकांना मी खोटी ओळ कधी लिहिली नाही. शेवट वाईट असला तर जपून वाचा म्हणून लिहिलंय. फक्त तुला सांगताना..." त्या थांबल्या. "जीभ तशी वळून गेली होती रे."

काकांनी औषधवाल्याची, भूगोलाच्या बाईंची, शिवणवालीची सगळी हकीगत सांगितली. वॉर्ड, दुसरा कप, सगळं. ताई ऐकत राहिल्या. काउंटरच्या आडून जुन्या दिवसांत जशा ऐकायच्या तशाच, मधेच 'मग?' म्हणून.

"मग दुरुस्ती काय लिहू?"

"लिही की, पुस्तकाचा शेवट जपून वाचण्यासारखा आहे. दुसरा शेवट हवा असेल त्यांनी दुकानात येऊन ऐकावा." मग लगेच, "आणि बाकीची पुस्तकं आता तूच वाच शेवटपर्यंत. जमेल तुला."

हे त्या सहज बोलल्या. पण एवढ्या वर्षांत असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. विचारलं नाही तर अजून एक थंडी, अजून एक उन्हाळा काढता येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती 'येते' म्हणत राहील, आपण स्टुलावरची धूळ पुसत राहू. काय वाईट होतं त्यात? पण शेवटचं पान उघडायची भीड एकदा मोडली की मोडली.

"ताई," ते म्हणाले, "थंडी संपली की येते म्हणतेस, ते चहाचं वाक्य आहे का?"

पलीकडे चमचा थांबला होता. बहुधा आजीच्या चेहऱ्याकडे बघून.

"हो रे," ताई म्हणाल्या.

मग त्या भराभरा बोलायला लागल्या. मुलगी सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. पोर अंगाला चिकटलेली असते. गुडघे आता एवढा प्रवास करू देणार नाहीत, डॉक्टरनं सांगितलंय, तुला सांगितलं नव्हतं. आणि शिवाय, आणि शिवाय. काका 'हो गं, हो' म्हणत राहिले. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं. कंदील विझव आता, उजाडलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"रागावलास?"

"छे! तुझ्यावर?"

"इथे मला गोष्ट सांगायला कोणी नाही रे," ताई म्हणाल्या. "ही पोर झोपली की मी पुस्तक घेते, निम्म्यावर डोळे मिटतात. तू शेवटी पाठवलेलं ते पोस्टमनचं पुस्तक अजून मध्यावर पडलंय. त्याचं पुढे काय होतं?"

"ठाऊक नाही. पण वाचतो मी," काका म्हणाले. "रविवारी सांगतो."

"खरं सांग हं. जसं असेल तसं."

"बघू."

ताई हसल्या. मग आवाज खाली आला, अगदी त्या जुन्या अंथरुणावरचा. "आणि तू? तू कसा आहेस, छोट्या? खरं सांग."

काकांनी स्टुलाकडे पाहिलं. सकाळीच पुसलं होतं. वर खूण घातलेलं पुस्तक नव्हतं. दाराच्या काचेपलीकडे औषधवाला शटर वर करत होता. काउंटरवर दुपारी केलेला एका माणसाचा चहा निवून गेला होता.

"मी अगदी मजेत आहे," ते म्हणाले. "चहात तेवढी साखर कमी असते."

पलीकडे ताईंनी श्वास आत घेतला आणि तो कितीतरी वेळ बाहेर सोडला नाही. नात पुन्हा चमचा वाजवायला लागली. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवेना.